छप्पर बदलायचंय? गावचं घर असो की भायखळ्याची खोली, कौलं उतरवण्याआधी एवढं वाचा

आपल्या भागातल्या बऱ्याच कुटुंबांना दोन छप्परं सांभाळावी लागतात. एक गावातलं आणि दुसरं मुंबईतलं. गिरण्या चालू होत्या तेव्हा आजोबा-पणजोबा भायखळा, लालबाग, परळ भागात गेले. कुणी खटाव मिलला लागलं, कुणी गोदीत, कुणी रेल्वेत. त्या कमाईतून पागडीची एक खोली झाली. काही गावांनी तर वर्गणी काढून गावाचीच खोली घेतली, नोकरीला जाणाऱ्या पोरांना पथारी टाकायला. ती खोली वरच्या मजल्यावर असेल आणि वर कौलं असतील, तर मे महिन्यात गावातून मुंबईला आणि मुंबईतून गावाला एकच फोन असतो. "यंदा छपराचं काय करायचं?"

बहुतेक जण निळी ताडपत्री टाकून वर्ष ढकलतात. कधीतरी मात्र ताडपत्रीनं भागत नाही, अख्खं छप्पर बदलावं लागतं. तेव्हा नेमकं काय होतं, किती दिवस लागतात, पैसा कुठं वाढतो आणि भांडण कुठं होतं, ते या लेखात बघू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. छपराच्या कामात पत्रा किंवा कौल हा सोपा भाग आहे. खर्च वाढतो तो त्याच्या खालच्या लाकडात आणि वाद होतो तो न लिहिलेल्या गोष्टीत. छप्पर उघडं असतं थोडेच दिवस, पण ते दिवस नीट जायचे तर सगळं आधी ठरलेलं पाहिजे.

मृगाच्या भरवशावर राहू नका

आपला हिशोब मृग नक्षत्राचा, म्हणजे ७-८ जूनचा. पण २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. इतक्या लवकर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूनं आत आलं आणि रायगड-रत्नागिरीत हजारो घरांची छप्परं गेली. २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे रोजी. म्हणजे तिन्ही वेळा मृगाच्या आधीच तडाखा बसला.

त्यामुळं मेच्या शेवटच्या आठवड्यात छप्पर उघडणं हा जुगार आहे. होळीपर्यंत बोलणी आणि कागद, अक्षय्य तृतीयेपर्यंत काम पूर्ण, असा नेम धरावा. मिस्त्री आणि सुतारही मार्चमध्ये सापडतात. मेमध्ये त्यांना सगळीकडूनच बोलावणं असतं आणि दर ते सांगतील तो.

आधी बघा, बदलायची गरज आहे का?

गळतं म्हणजे छप्पर गेलंच असं नाही. फुटकी कौलं, सरकलेले कोने, पन्हळीत अडकलेला पाला, भिंत आणि छप्पर जुळतं तिथली भेग, यातून निम्मी गळती होते. ते काम शाकारणीत भागतं.

मात्र पुढच्या खुणा दिसल्या तर प्रकरण लाकडावर गेलेलं आहे असं समजा. बाहेरून बघताना छपराची ओळ मधेच खोल गेलेली दिसते. वाशावर पेचकस दाबला तर आत घुसतो. ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. जमिनीवर रोज बारीक भुसा पडलेला सापडतो. वाशाचं किंवा तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं लाकूड काळं पडलेलं असतं. ही टोकं सगळ्यात आधी कुजतात, कारण भिंतीतली ओल तिथं मुरते आणि वारा लागत नाही.

आमच्या घराचं छप्पर बदललं तेव्हा ठेकेदाराच्या हिशोबात पत्रा होता, मजुरी होती, पण आढ्याचं लाकूड धरलेलंच नव्हतं. कौलं उतरल्यावर आढ्याची दोन्ही टोकं भिंतीत कुजलेली निघाली. छप्पर उघडं, लाकूड आणायला तालुक्याला जायचं आणि दर विचारायला वेळ नाही. अशा वेळी माणूस सांगेल ती किंमत देतो. म्हणून अंदाजपत्रक घेण्याआधी चार-पाच ठिकाणी कौलं काढून लाकूड तपासायला सांगा. मिस्त्रीला तासाभराचं काम आहे.

भायखळ्याची खोली: छप्पर नेमकं कुणाचं?

गावात घर आपलं, छप्पर आपलं. चाळीत तसं नाही. पागडीच्या खोलीत तुम्ही भाडेकरू असता आणि डोक्यावरचं छप्पर इमारतीचं असतं. एकच पाखाडी पाच-सहा खोल्यांवरून जाते. तुम्ही फक्त आपल्या खोलीवरची कौलं काढून पत्रा टाकला, तर जिथं नवा पत्रा आणि शेजाऱ्याची जुनी कौलं मिळतात तिथं पहिल्याच पावसात गळणार. मग शेजारी म्हणणार तुमच्यामुळं झालं. शक्य असेल तर त्या पाखाडीखालच्या सगळ्या खोल्यांनी मिळून एकदम काम काढावं. खर्च वाटला जातो आणि सांधाही उरत नाही.

काम काढायच्या आधी तीन गोष्टी शोधून ठेवा.

पहिली, इमारत धोकादायक ठरली आहे का? मुंबई महापालिका इमारतींचे गट पाडते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२-अ म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२-ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती चालेल. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिची रचना तपासून घेणं महापालिका कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे. तो तपासणी अहवाल मागून बघा. सी-१ इमारतीच्या छपरावर पैसा घालण्यात अर्थ नाही. तिथं आपल्या खोलीचं मोजमाप आणि भाडेकरूंच्या यादीत आपलं नाव लेखी लागलं आहे ना, हे बघणं जास्त महत्त्वाचं. पुढं पुनर्विकासात तोच कागद कामाला येतो.

दुसरी, इमारत उपकरप्राप्त म्हणजे सेसची आहे का? शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या, उपकर भरणाऱ्या भाड्याच्या इमारती यात येतात. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती 'अ' गटात आहेत. अशा इमारतींच्या मुख्य ढाच्याची दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं आणि पावसाळ्याआधी दरवर्षी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. तुळया, खांब कुजले असतील तर स्वतः खर्च करण्याआधी सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांचा अर्ज तिथं द्या आणि पोच घ्या.

तिसरी, पावती कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावाची पावती आणि राहणारा नातू, असं अनेक खोल्यांत चालू आहे. गावाची खोली असेल तर पावती मंडळाच्या एका जुन्या माणसाच्या नावावर असते आणि तो माणूस केव्हाच वारलेला असतो. मालकाशी छपराचा पत्रव्यवहार सुरू केला की हा प्रश्न वर येतोच. म्हणून वारसांची कागदपत्रं आधी जुळवा, मग पत्र लिहा.

मालक दुरुस्ती करत नसेल तर?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ प्रमाणे जागा राहण्यालायक स्थितीत ठेवणं हे मालकाचं काम आहे. त्यानं दुर्लक्ष केलं तर भाडेकरूनं, किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून, लेखी नोटीस द्यायची. १५ दिवसांत मालकानं काम केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात किंवा मालकाकडून वसूल करू शकतात.

पण एक मर्यादा आहे. एका वर्षात वळता करायचा किंवा वसूल करायचा खर्च त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावा. पागडीचं भाडं मुळात किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यातून छपराचा खर्च निघायला कितीतरी वर्षं जातील. मग नोटीस कशाला द्यायची? तर आपण चोरून काही केलं नाही, मालकाला आधी सांगितलं होतं, याचा तो पुरावा असतो.

हा पुरावा का लागतो तेही समजून घ्या. याच कायद्याच्या कलम १६ मध्ये, मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूनं कायमस्वरूपी बांधकाम केलं तर मालक जागा परत मागू शकतो असं आहे. छप्पर बदलता बदलता दोन फूट उंच करून पोटमाळा काढायचा मोह अनेकांना होतो. त्या दोन फुटांपायी तीन पिढ्यांची खोली कोर्टात अडकू शकते.

महापालिकेच्या नियमांतही फरक असाच आहे. त्याच प्रकारच्या सामानानं आणि उंची न वाढवता छप्पर बदललं तर ते साध्या दुरुस्तीत धरलं जातं. उंची वाढली की परवानगीचा विषय आला. भायखळा ई विभागात येतं आणि विभाग कार्यालयही भायखळ्यातच आहे. काम साधं असलं तरी तिथं लेखी कळवून पोच घेतलेली बरी. इमारत वारसा यादीत असेल तर मात्र वेगळी मंजुरी लागते.

गावात एवढं नसतं, पण ग्रामपंचायतीला कळवा. कौलारूचं स्लॅबचं घर झालं की नमुना ८ मधली नोंद आणि घरपट्टी बदलते.

कौल की पत्रा?

मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला काढला आणि पुढं ही कौलं मुंबईपासून आपल्या गावांपर्यंत पोचली. भायखळ्याच्या जुन्या चाळींवर आणि आपल्या वाड्यांवर दिसतात ती हीच जात.

एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १४०-१५० कौलं लागतात. एक कौल अडीच-तीन किलोचं. म्हणजे ब्रासमागं साडेतीनशे ते साडेचारशे किलो, सिमेंटच्या सात ते नऊ गोण्या. अर्ध्या मिलीमीटरचा रंगीत पत्रा तेवढ्याच जागेवर एका गोणीपेक्षाही कमी भरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. जुनं लाकूड थकलेलं असेल तर पत्र्यानं भार कमी होतो, हा फायदा. पण कौल स्वतःच्या वजनानं बसून राहतं, पत्र्याला वारा खालून उचलतो. पत्रा टाकायचा तर तो लाकडाला आणि लाकूड भिंतीला किंवा खांबाला पक्कं जखडलेलं पाहिजे. पूर्वी वासे नुसते टेकवलेले असायचे, कौलांच्या भारानं चालून जायचं. त्याच वाशांवर पत्रा टाकला तर वादळात वाशांसकट जाईल.

बाकी फरक ठाऊक आहेतच. पत्र्याखाली उन्हाळ्यात तापतं आणि पावसात आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. कौलाखाली गारवा राहतो, पण माकडं असतील तर दरवर्षी शाकारणी आलीच. मातीच्या भिंतींवर किंवा चाळीच्या लाकडी सांगाड्यावर स्लॅब टाकायचा विचार मात्र करूच नका. तो भार त्यांना पेलणारा नाही.

माप कसं निघतं?

इथं सगळ्यात जास्त गैरसमज होतो. घर २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट, म्हणून आपण ६ ब्रास धरतो. ठेकेदार साडेनऊ सांगतो आणि आपल्याला वाटतं फसवतोय. पण दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट वळचण धरली की माप होतं २४ बाय ३४, म्हणजे ८१६. त्यात छपराचा उतार. ३० अंशांच्या उताराला सुमारे १५ टक्के वाढ धरावी लागते. झाले साधारण ९४० चौरस फूट. म्हणजे ठेकेदाराचं बरोबर आहे. माप उतारावरून टेप लावून, दोघांसमोर घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या करा.

त्याच कागदावर हेही लिहा: पत्र्याची जाडी आणि कंपनी किंवा कौलाची प्रत. कुजलेलं लाकूड बदलायचा घनफुटाचा दर. पन्हळ आणि कोने दरात आहेत की वेगळे. राडारोडा कोण उचलणार. जुनं लाकूड आणि चांगली कौलं कुणाची. जुन्या सागवानाला आजही चांगला भाव आहे आणि 'मोडीत नेतो' म्हणून तो सहज निघून जातो. चाळीत त्यावर मालकही हक्क सांगू शकतो, तेव्हा आधीच विचारून ठेवा.

पैसे टप्प्यानं द्या. सामान जागेवर आल्यावर काही, लाकूडकाम झाल्यावर काही, छप्पर झाकल्यावर काही. दहा टक्के तरी पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. हे आधी ठरलेलं असेल तर चांगला मिस्त्री नाही म्हणत नाही.

काम सुरू झाल्यावर

पहिला दिवस सामान हलवण्यात जातो. देव, धान्य, कागदपत्रं, टीव्ही बाहेर काढा. जे हलत नाही ते प्लॅस्टिकनं झाका, कारण पन्नास वर्षांची काजळी आणि माती खाली येते. वायरमनला बोलावून पंखे आणि छतावरच्या वायरी उतरवून घ्या. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दम्याचे पेशंट यांची सोय आठवडाभर दुसरीकडं करा.

दुसऱ्या दिवशी कौलं हातोहात खाली येतात. पाखाडी दोन्ही बाजूंनी सारखी उतरवत आणली पाहिजे. एकच बाजू मोकळी केली तर जुना सांगाडा एकीकडं झुकतो. संध्याकाळी लाकूड उघडं पडतं. तेव्हा मालकानं किंवा घरातल्या कर्त्या माणसानं हजर राहावं, कुजलेल्या प्रत्येक लाकडाचा फोटो काढावा आणि माप लिहून घ्यावं. बिल वाढणार असेल तर ते आज कळतं.

नंतर सुतारकाम. नवे वासे, आढं, रीपा, वाळवीचं औषध. औषध लाकूड बसवण्याआधी मारायचं, म्हणजे भिंतीत जाणारी टोकंही भिजतात. त्यानंतर कौलं किंवा पत्रे, शेवटी कोने आणि पन्हळ. घर मध्यम असेल आणि सामान जागेवर असेल तर गावात आठवडा ते दहा दिवस लागतात. लाकूड जास्त गेलेलं असेल तर आणखी. रोज संध्याकाळी उघडा भाग ताडपत्रीनं बांधूनच माणसं गेली पाहिजेत, आभाळ मोकळं असलं तरी.

भायखळ्यात वेळ जास्त लागतो. गल्लीत टेम्पो किती वेळ उभा राहणार, अरुंद लाकडी जिन्यानं लांब वासे कसे चढणार, कौलं कुठं रचणार, हे सगळं आधी बघावं लागतं. कौलांची थप्पी गॅलरीत एका जागी लावू नका, जुन्या गॅलरीला तो भार झेपत नाही. खाली लोकांची ये-जा चालू असते, म्हणून परांचीला जाळी हवी आणि वरून काहीही खाली टाकायचं नाही. राडारोडा रस्त्याकडेला टाकला तर दंड होतो. तो उचलण्यासाठी विभाग कार्यालयात आधी सांगून ठेवा.

लोक वावरत असतानाही जुन्या वास्तूचं काम नीट होऊ शकतं, याचं उदाहरण भायखळ्यातच आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली त्या मार्गावरचं भायखळा स्टेशन. २०१९ ला तिथं जुनं रूप परत आणायचं काम सुरू झालं आणि २०२२ ला पूर्ण झालं. या काळात लोकल चालूच होत्या. त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. आपल्या खोलीला पुरस्कार नको, पण थोडा थोडा भाग घेऊन, आधी ठरवून काम करायची रीत तीच.

जुन्या सिमेंट पत्र्यांपासून सांभाळा

राखाडी रंगाचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. त्याची बारीक धूळ छातीत गेली तर अनेक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते फोडू नका, कटरनं कोरडे कापू नका. पाणी मारून ओले करा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, चांगला मास्क लावा. तुकडे गोठ्यात किंवा वाटेवर भर म्हणून टाकू नका.

दुसरा धोका लगेचचा आहे. जुना सिमेंट पत्रा माणसाच्या वजनानं अचानक फुटतो आणि माणूस थेट खाली पडतो. पत्र्यावर पाय देऊच नये. आडव्या फळ्या टाकून, कमरेला पट्टा बांधून काम करायला सांगा. मजूर आपल्या घरावरून पडला तर तो कुणाचा तरी बाप आहे, आणि पोलीस चौकशीला आपल्या दारातच येतात.

पैसे चुकते करण्याआधी तपासा

नालीदार पत्र्याचा बोल्ट नळीच्या माथ्यावर असावा, खोलगट भागात नाही. खाली रबरी वायसर हवा. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर सहा इंच तरी चढलेला असावा. कौलांच्या ओळी सरळ, कोने मसाल्यात पक्के. दिवसा आत उभं राहून वर बघा, उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणीही येणार. मग नळी लावून अर्धा तास पाणी मारा, आधी वळचणीकडून, नंतर वर आढ्याकडं. खालून सुरुवात केली तर नेमकं कुठं गळतंय ते सापडतं.

सगळी बिलं, फोटो, नोटिशीची पोच आणि करार मोबाईलमध्ये एका जागी ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठवा. उद्या वादळात नुकसान झालं तर तलाठ्याच्या पंचनाम्याला आधीचे फोटो उपयोगी पडतात. भायखळ्याच्या खोलीचा पुनर्विकास निघाला तर 'आम्ही इथं राहतो, आम्ही हे छप्पर राखलं' हे त्याच कागदांवरून सांगता येतं.

यंदाचा पाऊस चालू असतानाच एक काम करून ठेवा. जिथं जिथं गळतं तिथं खडूनं खूण करा आणि तारखेसह फोटो काढा. दिवाळीनंतर मिस्त्रीला दाखवायला तेवढं पुरेसं आहे.